हिरडीवरची पुळी: दोष नसेचा की हिरडीचा?

कडुलिंब

खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या (३६) गालाकडच्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी. दाबली की पू येतो, दुखत फारसं नाही. फुटली की आठवडाभर गायब, मग पुन्हा हजर. यावर दोन उपाय सर्रास होतात. 'हिरडी सुजलीय' म्हणून स्केलिंग आणि माउथवॉश, किंवा 'पू आहे म्हणजे नस (दाताच्या आतला जिवंत गर) मेली' म्हणून सरळ रूट कॅनाल. दोन्ही कधीकधी लागू पडतात, पण तो मटका झाला.

पू कुठून येतोय हे ठरवायला थंड चाचणी, ठोकून पाहणं, प्रोब (मिमीच्या खुणांची बोथट सळई), गटापर्चाचा एक कोन (रूट कॅनाल भरायची निमुळती लवचिक काडी) आणि एक आयओपीए (दोनतीन दातांचा छोटा एक्स-रे) एवढं पुरतं. पहिला मान थंड चाचणीचा, कारण ती सगळ्यात जास्त वेळा चुकीची केली जाते.

दात गॉजने कोरडा करून कापसाचे रोल लावा. बर्फाची कांडी टाळा. ती वितळून पाणी शेजारच्या दातावर ओघळतं आणि उत्तर भलताच दात देतो. रेफ्रिजरंट स्प्रे असेल तर कापसाचा चांगला मोठा बोळा चिमट्यात धरून त्यावर फवारा, बोळ्यावर हिमासारखा थर दिसला की दाताच्या गालाकडच्या बाजूला लावा. चिमूटभर कापसात गारवा टिकत नाही. संशयित दात पहिला कधीच नाही. आधी ४६ (उजवीकडची तीच दाढ), मग शेजारचे ३५ आणि ३७, शेवटी ३६. कुठल्या दातावर संशय आहे ते रुग्णाला कळू द्यायचं नाही. कळ आली की हात वर, गेली की खाली, एवढंच सांगायचं आणि बोळा काढल्यापासून सेकंद मोजायचे.

निरोगी नसेत कळ येते आणि बोळा काढताच एकदोन सेकंदांत ओसरते. तीव्र कळ येऊनही लगेच गेली तर नस चिडलीय पण परतीच्या वाटेवर आहे. बोळा काढल्यावर अर्धा मिनिट किंवा जास्त ठणकत राहिली, शिवाय रात्री आडवं झालं की आपोआप ठणका लागतो, गरम चहाने डोळ्यांत पाणी येतं, अशी हकीकत असेल तर ती नस परतणारी नाही. शेजारचे दात उत्तर देतायत आणि हा दात अजिबात देत नाही, तर नस मेल्याचा दाट संशय.

पुळी असलेल्या दाढेत थंडाला ठणठणीत, सामान्य उत्तर मिळालं तर ड्रिल खाली ठेवा आणि प्रोब घ्या.

---

इंटर्न_आहे

धाग्याबद्दल आभार. थंडाला उत्तर नाही म्हणजे नस मेली, हे समीकरण कितपत धरून चालायचं? आमच्याकडे पल्प टेस्टरचा (नसेला हलका करंट देऊन पाहणाऱ्या यंत्राचा) आकडाही लिहायला सांगतात.

---

कडुलिंब

समीकरण नाही, संशयच. साठीच्या पुढच्या माणसाची मुळातली नसेची नळी आक्रसलेली असते, कॅपखाली गारवा पोचत नाही, नुकताच मार लागलेला दात काही आठवडे गप्प राहतो, लहान मुलाच्या, मुळाचं टोक अजून उघडं असलेल्या दातात मज्जातंतूच पुरते आलेले नसतात. हे सगळे जिवंत असून मुके.

उलटी फसगत दाढेत होते. एका मुळातली नस मेलेली, दुसऱ्यातली जिवंत, म्हणून दाढ थंडाला उत्तर देते आणि पुळी मात्र मेलेल्या मुळाची. म्हणून माझं वरचं 'ड्रिल खाली ठेवा' हे वाक्य खोल कीड किंवा मोठं फिलिंग नसलेल्या दाढेपुरतं वाचा.

टेस्टरचा आकडा लिहा, पण ४० म्हणजे २० पेक्षा जास्त आजारी असा अर्थ लावू नका. ते यंत्र मज्जातंतूला विचारतं, रक्तपुरवठ्याला नाही. हो की नाही, एवढंच त्याच्याकडून घ्यायचं. ओला दात किंवा धातूचं फिलिंग असेल तर करंट हिरडीत किंवा शेजारी जातो आणि खोटा 'हो' येतो.

---

आठ_मिमी

आता प्रोबचं. 'पॉकेट आहे' (दात-हिरडीमधली फट खोल झालीय) एवढं लिहून भागत नाही, पॉकेटचा आकार लिहा. प्रोब एका जागी खुपसून बाहेर काढायचा नसतो. तो हिरडीच्या आत ठेवूनच मिलीमीटर-मिलीमीटरने पुढे चालवत न्यायचा आणि प्रत्येक दातावर सहा नोंदी करायच्या. जोर साधारण २० ते २५ ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या नखाखाली टोक टेकवलं तर दाब जाणवेल पण दुखणार नाही इतकाच.

चालवताना २, २, ९, २, २ असे आकडे आले, म्हणजे सपाट जमिनीत अचानक बोअरवेल लागली, तर हिरडीचा आजार बहुतेक नाही. मुळाच्या टोकाचा पू हिरडीच्या फटीतून बाहेर पडायला वाट काढतोय, किंवा मूळ उभं चिरलंय. वरच्या दुसऱ्या समोरच्या दातात (१२, २२) टाळूकडे कधीकधी जन्मजात खाच असते, तिथेही अशीच विहीर लागते. ४, ६, ८, ७, ५ अशी हळूहळू उतरत पुन्हा चढणारी दरी, मुळावर हाताला लागणारं खरखरीत किटण आणि शेजारच्या दातांतही असंच काही, तर तो आमचा, हिरडीवाल्यांचा रुग्ण.

हिरडी खाली सरकली असेल तर पॉकेटच्या खोलीत तेवढे मिमी मिळवा, सुजून वर चढली असेल तर वजा करा. खरी हानी त्या बेरजेत असते. पॉकेट ३ मिमी पण हिरडी ५ मिमी उतरलेली, असा दात 'नॉर्मल' म्हणून सुटतो. मिशरी लावणाऱ्या बायकांच्या खालच्या पुढच्या दातांत हे हटकून दिसतं.

आणि रक्त येत नाही म्हणून हिरडी ठीक, असं सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत कधीही धरू नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. आत ७ मिमी आणि बाहेरून गुलाबी, कोरडी, फसवी हिरडी.

---

काळीपांढरी

एक्स-रेबद्दल. आयओपीएवर डाग नाही म्हणजे मुळाशी काही नाही, असं नसतं. हाडातली ३० ते ५० टक्के खनिजं गेल्याशिवाय फिल्मवर काळं दिसत नाही, आणि आतल्या जाळीदार हाडापुरताच ऱ्हास असेल तर बाहेरचं कठीण कवच तो झाकून टाकतं. रात्रभर रडवणाऱ्या दाढेचा एक्स-रे स्वच्छ येतो तो यामुळेही.

उलट, खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या टोकाशी गोल काळा डाग दिसला की नळी मोजायला घेऊ नका. तिथे जबड्यातून मज्जातंतू बाहेर पडण्याचं छिद्र असतं. ट्यूब साधारण २० अंश बाजूला सरकवून दुसरी फिल्म घ्या. डाग मुळापासून सुटला तर ते छिद्र. खालच्या पुढच्या दातांच्या टोकांशी डाग आहेत पण सगळे दात थंडाला जिवंत, तर तो हाडाचा स्वतःचा एक निरुपद्रवी बदल असू शकतो. असल्या दातांची रूट कॅनाल झालेली फिल्मवर पाहिली की चुटपुट लागते.

पुळीच्या दाढेत कोन घातल्याशिवाय फिल्म काढूच नये. पुळीच्या तोंडाशी बधिरतेचं जेल लावून २५ किंवा ३० नंबरचा गटापर्चा कोन हलक्या हाताने, अडेपर्यंत सरकवायचा आणि तसाच ठेवून आयओपीए. कोनाचं टोक जिथे थांबतं तिथला पू. पुळी ३६ समोर आणि कोन ३५ च्या टोकाशी, हे दुर्मिळ नाही. भोक मिटलेलं असेल तर जोर करू नका, पुन्हा उघडेल तेव्हा बोलवा.

हाडाची पातळी बघायला बाइटविंग (वरचे-खालचे दात मिटवून काढलेली छोटी फिल्म) उत्तम. निरोगी हाडाचा काठ मुकुट आणि मूळ जिथे मिळतात त्या रेषेच्या १ ते २ मिमी खाली असतो. ओपीजी (पूर्ण जबड्याची फिल्म) अक्कलदाढेला ठीक, पण त्यावरून पॉकेट आणि टोकाचा डाग ठरवू नका.

---

इंटर्न_आहे

थंडाला मुकी, कोन मुळाच्या टोकाला, पॉकेट सगळीकडे ३. हा नसेचा. थंडाला जिवंत, रुंद पॉकेट. हा हिरडीचा. दोन्ही असलं तर? थंडाला मुकी आणि हिरडीतही ८ मिमी.

---

कडुलिंब

आधी रूट कॅनाल. हिरडीच्या खोल साफसफाईला हात लावायचा नाही.

---

आठ_मिमी

'हात लावायचा नाही' जरा कडक झालं. वरवरचं किटण काढून ब्रश शिकवायला काय हरकत? पण मुळावर क्युरेट (खरवडायचं हत्यार) चालवू नये याला सहमत, आणि कारणही सांगतो. पू नसेतून आला असेल तर त्या अरुंद वाटेवर मुळाचं सिमेंटम (वरचा पातळ थर) आणि त्याला चिकटलेले तंतू अजून जिवंत असतात. उगम बंद झाला की ती वाट आपोआप मिटते, कधीकधी महिन्याभरात ९ चा प्रोब ३ वर येतो. आधी खरवडलं तर ते तंतूच निघतात, आणि नसेचं दुखणं बरं झालं तरी पॉकेट कायमचं राहतं. रूट कॅनालनंतर दोनतीन महिने थांबा, पुन्हा मोजा. जे उरेल ते हिरडीचं, ते मग मी बघतो.

भविष्य कशावर ठरतं, तर हिरडीचा वाटा किती यावर. नसेमुळे गेलेलं हाड परत भरतं. हिरडीच्या आजाराने गेलेलं बहुतांशी परत येत नाही.

---

कडुलिंब

बरं, वरवरचं चालेल.

आता मेलेल्या नसेच्या दाढेचं काम. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावा, यावर चर्चा नको. खालच्या पहिल्या दाढेत तीन नळ्या धरून चाला, पण मागच्या मुळात चौथी शोधल्याशिवाय थांबू नका. मागची नळी मधोमध न सापडता एका बाजूला सापडली तर दुसऱ्या बाजूला जोडीदार असतोच म्हणा. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या गालाकडच्या मुळातली दुसरी नळी असण्याचीच शक्यता जास्त, आणि फसलेल्या रूट कॅनालमध्ये तीच सुटलेली सापडते.

१० नंबरच्या के-फाइलने (नळी घासायच्या बारीक सुईने) वाट मोकळी, एपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्राने) लांबी, फिल्मने खात्री. फिल्मवरच्या टोकाच्या अर्धा ते एक मिमी अलीकडे थांबा. फाइल नळीला आकार देते, सफाई औषध करतं. ३ टक्के हायपोक्लोराइट, ३० गेजची बाजूला भोक असलेली सुई, लांबीच्या २ मिमी अलीकडे, सतत वरखाली हलती. सुई नळीत अडकवून दाबलं तर औषध हाडात जातं. क्षणात असह्य वेदना, मिनिटांत गाल फुगतो, काळानिळा होतो. तसं झालं तर थांबा, नळीतून रक्त वाहू द्या, सलाइनने धुवा, बाहेरून थंड शेक, वेदनाशामक, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण बघायचाच.

शेवटी १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, मग पुन्हा हायपोक्लोराइट. हायपोक्लोराइटपाठोपाठ क्लोरहेक्सिडिन घालू नका. तपकिरी साका बसतो आणि नळ्यांची तोंडं बुजतात. मधे सलाइनने धुऊन नळी कोरडी केली असेल तरच.

पू असलेल्या दाढेत मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड एकदोन आठवडे ठेवतो. पुळी मिटली आणि नळी कोरडी राहिली की भरायची. पुळीच्या वाटेला वेगळा उपचार लागत नाही. दाढेवर कॅप लांबवू नका. वरचं तात्पुरतं फिलिंग गळायला लागलं की खालची मेहनत पाण्यात. टोकाचा डाग भरायला वर्ष लागतं, कधी चारही. सहा महिन्यांच्या फिल्मवर डाग लहान होत असेल तर गप्प बसा.

---

आठ_मिमी

आणि पू हिरडीचा निघाला तर. आधी दातांच्या फटीतला ब्रश वापरायला शिकवा. हे 'जाता जाता सांगायचं' काम नाही, पुढचं सगळं यावर उभं आहे. मग किटण काढणं. वरचं अल्ट्रासॉनिकने, हिरडीखालचं भूल देऊन अल्ट्रासॉनिक आणि ग्रेसी क्युरेटने. दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२ नंबरचं, मागच्या बाजूला १३/१४ नंबरचं. पातं आत नेताना मुळाला जवळजवळ चिकटून, खरवडताना ७० ते ८० अंशांत. कोन कमी पडला तर किटण निघत नाही, घासून गुळगुळीत होतं. ते प्रोबलाही सापडत नाही आणि सूजही जात नाही.

त्यानंतर सहा-आठ आठवडे प्रोब घालू नका, नवी चिकटण कोवळी असते. पुन्हा मोजल्यावर ४-५ मिमी उरलं आणि रक्त येतंय तर पुन्हा साफसफाई, ६ किंवा जास्त उरलं तर हिरडी उघडून फ्लॅप. खालच्या दाढेच्या दोन मुळांमधली बेचकी वाकड्या नेबर्स प्रोबने बघा, सरळ प्रोब तिथे वळत नाही. प्रोब आरपार जात असेल तर साध्या सफाईकडून फार अपेक्षा नको.

'स्केलिंगने दात हलायला लागले' या तक्रारीचं उत्तर आधीच देऊन ठेवा. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने दात एकमेकांना बांधल्यासारखे उभे असतात. किटण गेलं की खरी स्थिती उघडी पडते. सूज उतरल्यावर फटी दिसतात, मुळं उघडी पडून थंड झोंबतं. हे आधी सांगितलं तर माहिती, नंतर सांगितलं तर सबब.

दोन गोष्टी फाइलवर हव्यातच. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी): ७ किंवा वर असेल तर आजाराचा वेग जास्त धरतात. उलटही खरं आहे, हिरडीचा उपचार केल्यावर तीनचार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो. दुसरी, बीपीची गोळी. ॲम्लोडिपिनने काहींची हिरडी दातांवर गाठीगाठींनी चढते. गोळी बदलायचा निर्णय फिजिशियनचा. रुग्णाला 'बंद करा' सांगू नका.

---

गोळ्याबिळ्या

औषधाच्या काउंटरच्या या बाजूने. 'दाढ दुखतेय, ६२५ (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट) द्या' किंवा 'ती ऑफ्लॉक्स-ऑर्निडाझोल द्या' हे रोजचं. ठणकणाऱ्या जिवंत नसेला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुखणं जंतुसंसर्गापेक्षा बंद कप्प्यातल्या सुजेचं आहे, ते उघडल्यावरच थांबतं. मेलेल्या नसेत तर रक्तच जात नाही, गोळी पोचणार कशी? पुळीतून पू वाहतोय, ताप नाही, चेहऱ्यावर सूज नाही, तरीही नको. ताप, पसरणारी सूज, गळ्यातल्या गाठी, हे असेल तर अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, तीन ते सात दिवस, आणि सोबत निचरा हवाच. पेनिसिलिनची ॲलर्जी आधी विचारा.

दुखण्याला आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र चांगलं काम करतं. पण जोडगोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून तापाची वेगळी गोळी चालू असेल तर डोस दुप्पट होतो. किडनीचा आजार, अल्सर, गरोदरपणाचे शेवटचे महिने, ॲस्पिरिनने दमा उठणारे, यांना आयबुप्रोफेन नको. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखीही असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्याला मेट्रोनिडाझोल दिलं की आयएनआर चढतो, म्हणजे रक्त जास्तच पातळ होतं, ही चूक फार होते.

ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ गालात दाबून ठेवली की ती जागा भाजून पांढरी पडते. लवंगेच्या तेलात बुडवलेला मोठा बोळा हिरडीवर ठेवला तरी तेच. किडीच्या खड्ड्यात टोकाएवढा कापूस, इतकंच.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. टूथपेस्टनंतर अर्धा तास सोडून. महिनोन्‌महिने वापरणाऱ्यांचे दात तपकिरी होतात, चव जाते, आणि मग तेच पुन्हा किटण समजून घासत बसतात.

---

इंटर्न_आहे

एक राहिलं. नस जिवंत, रात्रीचा ठणका, खालची दाढ. ओठ पूर्ण बधिर, तरी बर (ड्रिलचं टोक) लावला की रुग्ण उडतो.

---

कडुलिंब

ओठ बधिर म्हणजे नस बधिर, हे या दाढेला लागू नाही. भूल दिल्यावर १०-१५ मिनिटं थांबा आणि थंडाचा बोळा पुन्हा लावा. कळ आली तर बर उचलूच नका. गालाकडून आर्टिकेन या भुलीच्या औषधाचं (४ टक्के) एक कार्ट्रिज द्या, तरी नाही तर दात आणि हाड यांच्या फटीत दाबाने. नसेत सुई हा शेवटचा मार्ग, तो क्षणभर दुखतोच, तसं सांगूनच करा. चालत असेल तर तासभर आधी आयबुप्रोफेन ४०० ते ६०० मिग्रॅ दिलं की भूल लागण्याची शक्यता वाढते.

अशा प्रत्येक दाढेला पूर्ण रूट कॅनालच हवं असंही आता राहिलेलं नाही. वरची सगळी नस काढून हायपोक्लोराइटचा बोळा दाबायचा. ५ ते १० मिनिटांत रक्त थांबलं तर मुळांतल्या नसेवर एमटीए किंवा बायोडेंटिन (दाताची खास सिमेंटं) आणि लगेच पक्कं फिलिंग. थांबलं नाही तर रूट कॅनाल.

---

आठ_मिमी

पण हे रबर डॅमशिवाय, लाळेत करायचं असेल तर करूच नका. आणि पुढच्या दातात जुनं एमटीए नको, दात करडा पडतो.

---

काळीपांढरी

इंटर्न, एक जोड. रूट कॅनाल झालेल्या, पोस्ट (मुळात बसवलेला खुंटा) घातलेल्या दाढेला पुळी आली, एकाच जागी ९ मिमीची विहीर आणि फिल्मवर मुळाच्या बाजूने टोकाला वळसा घालणारी 'जे'च्या आकाराची काळी पट्टी असेल, तर मूळ चिरलेलं धरा. सीबीसीटीवर (त्रिमितीय स्कॅनवर) चीर शोधायला पाठवू नका. पोस्टच्या धातूच्या रेघांत खोट्या चिरा दिसतात आणि खऱ्या लपतात. हिरडी उघडून मिथिलिन ब्लू लावून बघणं हाच पुरावा. एकमुळी दात काढावाच लागतो. खालच्या दाढेचं चिरलेलं मूळ तेवढं काढून दुसरं वाचवता येतं, आठ_मिमींच्या बेचकीत हाड शिल्लक असेल तर.

---

गोळ्याबिळ्या

आणि पुळी-बिळी नाही, जबड्याखाली दोन्हीकडे लाकडासारखी टणक सूज, जीभ वर ढकललेली, थुंकी गिळता येत नाही, असा माणूस औषध मागायला आला तर गोळी न देता रिक्षात बसवून मोठ्या हॉस्पिटलात पाठवा. तिथे धोका श्वासाला असतो. तसंच चढ चढताना दुखणारा आणि थांबलं की राहणारा डावा जबडा. त्याला आधी ईसीजी.

---

इंटर्न_आहे

लिहून घेतलं. उद्या ओपीडीत ३६ ची एक पुळी येणार आहे. आधी ४६ वर बोळा, मग कोन घालून फिल्म.

---

कडुलिंब

आणि प्रोब चालवत न्या, खुपसू नका.